मुलीच्या संगणकाची यादी

संगणक घ्यायचा म्हटले की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "कोणत्या कंपनीचा?" माझ्या मुलीने गेल्या उन्हाळी सुटीत वहीचे जे पान आमच्यासमोर ठेवले, त्यावर एकाही तयार संगणकाचे नाव नव्हते. नऊ वस्तू होत्या. प्रोसेसर, मदरबोर्ड, मेमरी, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय, कॅबिनेट, मॉनिटर आणि यूपीएस. प्रत्येकीपुढे भाव. खाली बेरीज, 94 हजार रुपये.

मुलगी बीडलाच बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला गेम बनवायचे आहेत. खेळायचे नाहीत, बनवायचे. हा फरक आमच्या नातेवाइकांना समजावता समजावता मी थकले. "गेम" हा शब्द ऐकला की लोकांच्या डोळ्यांसमोर रात्री दोनपर्यंत मोबाईल घेऊन पडलेले पोरगेच येते.

मी उर्दू शाळेत मराठी आणि उर्दू शिकवते. बी.एड. झाले तेव्हा संगणकाचा आणि माझा संबंध जेमतेम होता. आजही तो 'सरल', 'यूडायस' आणि निकालपत्रकापुरताच आहे. तिच्या अब्बूंचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. जळालेल्या पाणबुडी मोटारी भरून देणे हे त्यांचे काम. घरात शिल्लक किती, तर माझी भिशी लागली होती त्याचे 70 हजार. हप्त्यावर घ्या, व्याजही लागत नाही, असे दुकानदारापासून शाळेतल्या सहकाऱ्यांपर्यंत सगळे म्हणाले. पण बिनव्याजी हप्त्याचा कागद नीट वाचला तर कुठे प्रोसेसिंग फी असते, कुठे रोखीवर मिळणारी सूट गायब असते. आमच्या घरात व्याजाच्या वाऱ्यालाही उभे राहायचे नाही, असा सासऱ्यांच्या वेळेपासूनचा नियम आहे. म्हणजे 70 हजार ही भिंत होती. ती ओलांडायची नव्हती.

माझ्या नणंदेचा प्रश्न वेगळाच होता. "भाभी, कल ससुराल जाइंगी तो ये डब्बा सर पे रखके ले जाइंगी क्या? लॅपटॉप दिलाओ ना." सगळे हसले. मला मात्र हसू आले नाही. कारण हा प्रश्न एकट्या तिचा नव्हता. मुलीची प्रत्येक वस्तू उचलून नेता येईल अशीच असावी, हे आपण न बोलता ठरवून टाकलेले असते. मुलाच्या टेबलाबद्दल असे कोणी विचारत नाही.

लॅपटॉपचा विचार आम्ही केला नाही असे नाही. पण या कामाला चालेल असा लॅपटॉप आमच्या भिंतीपलीकडचा होता. शिवाय त्यात एक अडचण असते. ग्राफिक्सची चिप बोर्डावरच पक्की बसवलेली असते. आज कमी ताकदीचा घेतला तर उद्या वाढवता येत नाही. सुट्या भागांच्या संगणकाचे तसे नाही. तो एकदम पूर्ण घ्यावा लागत नाही. कर्ज न काढता, पैसे येतील तसा तो वाढवता येतो. आमच्यासारख्या घराला हीच गोष्ट सोयीची आहे. फक्त एक ठरवावे लागते. आधी काय घ्यायचे आणि कशासाठी थांबायचे.

त्यासाठी आधी काम समजून घ्यावे लागले. गेम खेळताना सगळ्यात जास्त भार ग्राफिक्स कार्डावर पडतो, म्हणून खेळणारे लोक बजेटचा मोठा वाटा कार्डावर घालतात. गेम बनवणाऱ्याचा दिवस वेगळा असतो. तो कोड लिहितो, तो कोड यंत्राच्या भाषेत बदलून घेतो, चित्रे आणि आवाज आत आणतो, थोडे चालवून पाहतो, बिघडते, पुन्हा दुरुस्त करतो. या बदलाबदलीत प्रोसेसरचे सगळे कोअर कामाला लागतात. त्याच वेळी गेमचे इंजिन, त्रिमितीय आकार घडवणारे ब्लेंडर, चित्रांचे सॉफ्टवेअर आणि दहा-वीस पाने उघडलेला ब्राउझर असे सगळे एकदम चालू असते. तिथे मेमरी कमी पडली की यंत्र अडखळते. म्हणून प्रोसेसर, मेमरी आणि एसएसडी आधी. कार्ड नंतर.

किती लागते हे इंजिनावरही ठरते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 साली 'राजी: अॅन एन्शंट एपिक' हा गेम आणला. भावाचा शोध घेणाऱ्या एका मुलीची ती गोष्ट. आपल्या पुण्यात झालेला हा गेम जगभर खेळला गेला, म्हणून आमच्या घरात त्याचे नाव वारंवार निघते. तो अनरिअल इंजिनात बनला. या इंजिनासाठी ते बनवणारी कंपनी 32 जीबी मेमरी आणि 8 जीबी किंवा जास्त मेमरीचे ग्राफिक्स कार्ड सुचवते. दुसरीकडे गोडो नावाचे इंजिन आहे. ते मोफत आहे, मुक्त परवान्याचे आहे, आणि साध्या ग्राफिक्सवरही उघडते. मुलीने सुरुवात गोडोवर करायची ठरवली आणि यंत्र मात्र उद्या अनरिअल पेलेल असे बांधायचे ठरवले.

पहिल्या फेरीची निवड अशी झाली. प्रोसेसर रायझन 5 7600. सहा कोअर, बारा थ्रेड. हा निवडण्याचे मोठे कारण म्हणजे त्याच्या पोटातच छोटी ग्राफिक्स चिप आहे, त्यामुळे वेगळे कार्ड नसतानाही पडदा दिसतो. याच घराण्यातला 7500 एफ थोडा स्वस्त मिळत होता, पण त्यात ही चिप नाही. तो घेतला असता तर कार्डाशिवाय सगळे खोके मुके राहिले असते. नावाच्या शेवटचे एक अक्षर असे महत्त्वाचे असते. थांबण्याची सोय हवी असेल तर ते आधी वाचावे.

मदरबोर्ड बी650 चिपसेटचा. त्यावरचे एएम5 सॉकेट 2027 पर्यंत आणि पुढेही चालवू, असे एएमडीने जाहीर केले आहे. म्हणजे तीन-चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलून काम भागू शकते. एसएसडी एक टीबीची. बोर्डावर दुसऱ्या एसएसडीसाठी जागा आहे ना, एवढे पाहून घेतले.

मेमरीवर घरात वाद झाला. मी म्हटले, 16 जीबीची एक पट्टी आज घेऊ, दुसरी दिवाळीत. मुलीने समजावले की दोन पट्ट्या जोडीने बसवल्या तर प्रोसेसरला दोन वाटांनी माहिती मिळते, आणि वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या पट्ट्यांचे, विशेषतः डीडीआर5 मध्ये, एकमेकींशी नेहमी पटतेच असे नाही. म्हणून 16-16 ची जोडी एकदम घेतली. वर्षअखेरीस जगभर मेमरीचे भाव भडकले. एआयच्या डेटा सेंटरांनी सगळा माल ओढून घेतला. आमची जोडी आधीच घरात होती. यात आमची हुशारी काही नाही, नशीब म्हणा.

आता विजेचे. इथे घरातला तज्ज्ञ बदलला. मुलीच्या यादीत पॉवर सप्लाय सगळ्यात शेवटी, उरल्या पैशांत होता. तिच्या अब्बूंनी तो वर आणला. ते म्हणाले, मोटार खराब असते म्हणून कमी जळते, वीज खराब येते म्हणून जास्त जळते. आमच्या गल्लीत संध्याकाळी व्होल्टेज पडते आणि रात्री शेतीचे पंप बंद झाले की एकदम चढते. हे त्यांना पुस्तकात वाचावे लागत नाही, दुकानात आलेली जळकी वायर पाहून कळते. शेवटी नामांकित कंपनीचा 650 वॅटचा पॉवर सप्लाय घेतला. त्यावरच्या '80 प्लस ब्राँझ' या शिक्क्याचा अर्थ एवढाच की भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी वाया कमी जाते. आतला माल चांगला आहे की नाही, हे तो शिक्का सांगत नाही. त्यासाठी वॉरंटीची वर्षे पाहिली.

यूपीएसचे गणित तर बापलेकीने पाटीवर मांडले. दुकानात सरसकट मिळणारा यूपीएस 600 व्हीएचा असतो. व्हीए म्हणजे वॅट नव्हे. अशा यूपीएसची खरी ताकद साधारण 360 वॅट असते. आमचा प्रोसेसर पूर्ण भारात 90 वॅटच्या आसपास घेतो. पुढे येणारे कार्ड 170. बोर्ड, मेमरी, पंखे मिळून 50 धरा. पॉवर सप्लायमध्ये जाणारी घट आणि मॉनिटर धरला की बेरीज पावणेचारशेवर जाते. म्हणजे वीज गेली त्या क्षणी 600 व्हीएचा यूपीएस भार पाहूनच मान टाकणार. म्हणून 600 वॅट झेपणारा, एक हजार व्हीएच्या वर्गातला घेतला. तो दहा मिनिटे टिकला तरी पुरे. काम जतन करायचे आणि यंत्र बंद करायचे, एवढाच त्याचा उपयोग.

आणि अर्थिंग. संगणकाच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, असे आपल्याकडे कितीतरी घरांत, दुकानांत होते. लोक म्हणतात, थोडा करंट मारतो, चालायचेच. पॉवर सप्लायमध्ये विजेतला गोंगाट गाळण्यासाठी बारीक कपॅसिटर असतात. त्यातून झिरपणारी थोडी वीज अर्थिंगच्या वायरने जमिनीत जायला हवी. तिसऱ्या पिनेमागे वायरच नसेल तर ती कॅबिनेटच्या पत्र्यावर येऊन बसते. आमच्या जुन्या घरात तीन पिनांचे सॉकेट होते, पण तिसऱ्या भोकामागे काहीच जोडलेले नव्हते. अब्बूंनी अंगणात खड्डा घेतला, प्लेट पुरली, कोळसा आणि मीठ भरले, आणि उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतायचे काम माझ्याकडे दिले. कोरड्या मातीत अर्थिंग चालत नाही, आणि मे महिन्यात बीडची माती किती कोरडी असते हे सांगायला नको.

कॅबिनेट निवडतानाही गावच आडवे आले. दुकानात समोर काच आणि आत रंगीत दिवे असलेली कॅबिनेट मांडून ठेवलेली असतात. दिसायला झकास. पण मुलीची खोली वर पत्र्याची. मे महिन्यात बाहेर चाळीस-बेचाळीस अंश, आत त्याहून जास्त. पंखा कितीही फिरला तरी खोलीतल्या हवेपेक्षा थंड हवा तो आणणार कुठून? चिप जास्त तापली की ती स्वतःच वेग कमी करते. म्हणजे पैसे सहा कोअरचे मोजायचे आणि दुपारी काम त्याहून कमीचे घ्यायचे. म्हणून समोर जाळी असलेले, पुढे दोन आणि मागे एक पंखा असलेले साधे काळे कॅबिनेट घेतले. जाळीला धूळ अडवणारी गाळणी आहे, ती काढून धुता येते. कापसाच्या दिवसांत ती आठवड्याला धुवावी लागते. अब्बूंनी पत्र्याखाली थर्माकोलचे छतही लावले. ते यादीत नव्हते, पण मला विचाराल तर तोही संगणकाचाच एक भाग.

खरेदीला आम्ही तिघे औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला गेलो. एका दुकानदाराने मुलीकडे न पाहता तिच्या अब्बूंना विचारले, "मुलगा कोणते गेम खेळतो?" अब्बू म्हणाले, "मुलगी आहे. ती गेम करते." मग बोलणे तिच्याशी झाले. बिल पक्के घेतले, प्रत्येक वस्तूचा अनुक्रमांक बिलावर लिहून घेतला. बिलाशिवाय थोडे स्वस्त मिळत होते. पण सुट्या भागांत वॉरंटी प्रत्येक भागाची वेगळी असते आणि ती मागायला कागद लागतो. पहिल्या फेरीचा खर्च साडेअडुसष्ट हजार झाला.

जोडणी घरीच, जमिनीवर, धुतलेला दस्तरख्वान अंथरून झाली. या सॉकेटच्या बारीक पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डावर असतात. एक वाकली की बोर्ड गेला. म्हणून मुलीने त्या वेळी पंखासुद्धा बंद करायला लावला. दोन तासांनी बटण दाबले. पंखे फिरले, दिवा लागला आणि पडदा काळाच राहिला. एक मिनिट. दोन मिनिटे. माझी नणंद काही बोलली नाही, हे विशेष. अब्बूंचा हात प्लग काढायला गेला. मुलगी म्हणाली, "नक्को अब्बू, बंद नक्को करो. मेमरी सीख रही." डीडीआर5 मेमरी पहिल्यांदा चालू होताना बोर्ड तिच्याशी वेग जुळवून पाहतो, त्याला वेळ लागतो, हे तिने आधीच वाचून ठेवले होते. मग पडद्यावर अक्षरे आली. घाबरून मध्येच बंद करणारे आणि बोर्ड खराब निघाला म्हणून परत नेणारे लोक असतात, असे नंतर दुकानदाराने सांगितले.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत माझे एकच म्हणणे होते. चोरीचे नको. क्रॅक केलेले सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घालून देणारे लोक प्रत्येक गावात आहेत. पण जी मुलगी उद्या स्वतःची मेहनत विकायला बसणार, तिने दुसऱ्याची मेहनत फुकट उचलून सुरुवात कशी करायची? लिनक्स, ब्लेंडर, क्रिता आणि गोडो, चारही मोफत आणि हक्काचे. त्या खर्चाचा रकाना शून्य राहिला.

गोडो निवडण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते माझ्या विषयाचे आहे. गेमच्या कित्येक इंजिनांत मराठी लिहिले की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन पडते, जोडाक्षरे सुटतात. 'शिक्षक' वाचवत नाही. उर्दूचे तर विचारूच नका. अक्षरे उलटी आणि एकमेकांपासून तुटलेली. गोडोच्या 2023 मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून उजवीकडून डावीकडे लिहिणे आणि अक्षरे जुळवणे नीट होते. मुलीने पहिल्या दिवशी एका पडद्यावर 'स्त्री' लिहिले आणि खाली नस्तालीकमध्ये 'औरत'. दोन्ही शाबूत होते. वर्गात दोन्ही लिप्या फळ्यावर लिहिताना माझे आयुष्य गेले. यंत्राने त्या दोन्ही न मोडता लिहिलेल्या पाहणे हा मला त्या सगळ्या खरेदीतला सर्वांत मोठा आनंद होता.

ग्राफिक्स कार्ड डिसेंबरात आले. तिने गल्लीतल्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या, उरलेले मी घातले. दुकानदार नवे आरटीएक्स 5060 घ्या म्हणत होता. ते जास्त वेगवान आहे, खेळणाऱ्याने तेच घ्यावे. पण त्यात मेमरी 8 जीबी. 2021 साली आलेल्या आरटीएक्स 3060 ची 12 जीबीची आवृत्ती तेव्हा अजून मिळत होती. इंजिन आणि ब्लेंडर एकदम उघडे असताना दोघांचे सामान कार्डाच्या मेमरीत ठेवावे लागते. जागा संपली की वेग काही कामाचा राहत नाही. तिने जुने घेतले. सहा महिने कार्डाशिवाय काढल्यामुळे आपले काम कुठे अडते हे तिला नेमके माहीत होते. मे महिन्यातच घेतले असते तर बहुधा डब्यावरचा नवा आकडा पाहून घेतले असते.

गेम काय आहे, तेही सांगते. बीडजवळची खजाना बावडी तुम्ही पाहिली असेल. सोळाव्या शतकात निजामशाहीच्या काळात सलाबत खानाने बांधलेली. भूमिगत बोगद्यांतून पाणी विहिरीत येते आणि दुसऱ्या बोगद्याने शेतांकडे जाते. मुलीच्या गेममध्ये एक पोरगी बोगद्यातले दगड सरकवत पाणी वळवते. कोणत्या शेताला आधी, कोणत्याला नंतर, हे तिला ठरवायचे असते, कारण पाणी एकदम सगळ्यांना पुरत नाही. बीडच्या मुलांना हा खेळ समजावून सांगावा लागणार नाही.

जानेवारीत तिने पहिला टप्पा मोबाईलवर घालून दिला. माझ्या वर्गात या दिवसांत बाके रिकामी असतात. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर मुलेही जातात. जी मागे आजीजवळ राहतात, त्यांच्यापैकी तिघांना मधल्या सुटीत मी तो खेळ दिला. फोन होता एका आजीचा, तडा गेलेल्या काचेचा. पाणी सुटले की फोन अडकायचा. 12 जीबीच्या कार्डावर झुळझुळ वाहणारे पाणी त्या फोनवर थांबून थांबून येत होते. मी घरी येऊन सांगितले. मुलीने काही न बोलता लाटा काढून टाकल्या, सावल्या काढल्या, पाण्याला एकच सपाट निळा रंग दिला. मग तसाच एक जुना फोन दीड हजाराला विकत आणला आणि टेबलावर मॉनिटरच्या शेजारी ठेवला. आता ती जे काही करते, ते आधी त्या फोनवर चालवून पाहते.